‘टिंबर-फ्रेम्ड हाउस’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन इंग्लंडमधल्या ‘टिंबर-फ्रेम्ड’ घराला ‘लाकडी घर’ म्हटले तर चालेल का? आणि ‘वॉटल अँड डॉब’, ‘सिल’, ‘जेटी’ यांचे काय करायचे?

‘लाकडी घर’ म्हटले की फळ्यांच्या भिंती डोळ्यांपुढे येतात. इथे लाकूड असते ते खांब, तुळया आणि तिरक्या धिऱ्यांत. घराचा सगळा भार त्यांच्यावर. मधली भिंत केवळ भरण. म्हणून ‘लाकडी सांगाड्याचे घर’ म्हणावे. सांगाडा ओल्या ओकचा, कारण वाळलेला ओक तासणे फार जड जाते. तुळईच्या भोकात खांबाचे कुसू, म्हणजे टोकाला तासून काढलेली जीभ, बसवून आरपार लाकडी खुंटी मारतात. कुसवातले छिद्र मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होते त्या बाजूला, सरकवलेले असते, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आवळला जातो.

‘वॉटल अँड डॉब’साठी आपला ‘कूड’ हा शब्द अगदी चपखल आहे, तो बिनदिक्कत वापरावा. कोकणात कारवी, तिथे हेझल या झुडपाच्या फांद्या, एवढाच फरक. वरच्या तुळईच्या पोटाला भोके आणि खालच्या तुळईला खाच पाडतात. ओकची उभी काठी आधी भोकात घालून खालचे टोक खाचेत सरकवतात, मग फांद्या विणतात आणि चिकणमाती, शेण, पेंढा यांचा गिलावा दोन्ही बाजूंनी थापतात. पेंढा कमी पडला तर वाळताना गिलावा तडकतो. वरून चुन्याचा हात. दुरुस्तीत सिमेंट वापरले की फटीतून शिरलेले पाणी आतच कोंडते आणि खांबांची कुसवे कुजतात.

‘सिल’ म्हणजे दगडी जोत्यावर आडवी टाकलेली तुळई. तिच्यावर खांब उभे राहतात. तिला ‘उंबरठा’ म्हणू नये, तो फक्त दारापुरता. ‘पायतुळई’ हा घडवलेला शब्द मला बरा वाटतो.

‘जेटी’ला ‘सज्जा’ म्हणण्याचा मोह होतो, पण सज्जा उघडा असतो. इथे मजल्याच्या कड्या, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडे, खालच्या भिंतीबाहेर काढून त्यांच्या टोकांवर वरच्या खोलीची भिंतच उभारतात. तेव्हा ‘पुढे काढलेला मजला’. ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात उभारलेल्या ‘बेलीफ’ या 15व्या शतकातल्या घरात दोन्ही टोकांचे मजले असे पुढे काढलेले आहेत. मधल्या दालनाला मजलाच नाही, कारण चूल जमिनीवर मधोमध आणि धूर थेट छपरात जायचा.