मिठावर पहिल्यांदा उतरताना
बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर जुनी गाडी पळवायला निघालायस, तर आधी कार्ब्युरेटरचे लहान जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या नळ्या) सोबत घे. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ते मैदान सुमारे ४,२०० फूट उंचावर आहे. हवा विरळ, म्हणून घरी छान चालणारं जुनं इंजिन तिथे जास्तीच्या पेट्रोलने गुदमरतं. माझा पहिला अख्खा दिवस यातच गेला.

मीठ ओलसर असतं, चाकं जागीच फिरतात. गाडी हलकी करू नकोस, उलट वजन टाक. ॲक्सिलरेटर हळूहळू दाब.

ऊन खालूनही भाजतं, हनुवटीखाली क्रीम लाव.

१९४७ मध्ये ब्रिटिश रेसर जॉन कॉब इथेच गाडीतून ताशी ३९४ मैलांनी धावला, तीही दोन्ही दिशांची सरासरी! पहाटे त्या पांढऱ्या पट्टीवर उभं राहिलं की अजून अंगावर काटा येतो.

आणि गाडी जवळच्या वेंडोव्हर गावात त्याच रात्री खालून धू, नाहीतर मिठाने गंजेल.