समोरच्या पक्षाचा फोन नंबर

प्रिय मित्रा,

विधानसभेला प्रचारफेऱ्या आणि बूथ तुझ्याकडे आलेत. आधी एक कर, समोरच्या पक्षात हेच काम बघणाऱ्याचा फोन नंबर घे. दोन फेऱ्या एका चौकात समोरासमोर आल्या की घोषणा वाढतात, मग धक्काबुक्की होते. आदल्या दिवशीच्या एका फोनने हे टळतं.

फेरी कधी, कुठून निघणार, कोणत्या रस्त्याने जाणार, कुठे संपणार, हे पोलीस ठाण्याला आधी कळवावं लागतं. लेखीच दे. मग मार्ग बदलायचा नाही, पोरं ‘एवढी एक गल्ली घेऊ’ म्हणाली तरी. समोरच्या पक्षाची सभा चालू असेल तिथून फेरी न्यायची नाही, त्यांच्या सभेत आपली पत्रकं वाटायची नाहीत. आदर्श आचारसंहितेत हे स्पष्ट आहे. झेंड्यांना जाड काठ्या नकोत. बाचाबाची झाली की आधी काठीच हातात येते. त्यांचं पोस्टर फाटलेलं दिसलं तर आपल्यापैकी कुणी फाडलं का, ते त्याच दिवशी शोध.

रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद.

मतदारांना द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची. तिच्यावर चिन्ह, पक्ष, उमेदवार काहीच नको. केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचाराचा शब्दही नको.

तुझा पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रात बसणारा आपला प्रतिनिधी, मतदानाच्या ९० मिनिटं आधी केंद्रात हवा. मॉक पोलमध्ये, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या यंत्राच्या चाचणीत, किमान ५० मतं टाकतात. ती मोजून झाल्यावर यंत्र क्लिअर केलं का, बेरीज शून्य दिसते का, व्हीव्हीपॅटमधल्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्रातल्या) चिठ्ठ्या काढल्या का, हे सगळ्या पक्षांच्या एजंटांनी मिळून बघावं. हे बघायचं राहिलं की दुपारी यंत्राबद्दल अफवा उठते आणि ती खोडून काढायला कुणीच उरत नाही.

मतदार बोगस वाटला तर आरडाओरडा नको, त्याच्या अंगाला हात तर मुळीच नको. दोन रुपये भरून केंद्राध्यक्षाकडे आक्षेप घ्यायचा. ते तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप टिकला नाही तर तो माणूस मत देतो, तोतया ठरला तर पोलिसांच्या ताब्यात जातो. उगाच घेतलेल्या आक्षेपाचे पैसे जप्त होतात. एजंटच्या खिशात सुटे पैसे दे.

मतदान संपल्यावर १७-सी नमुन्याची, म्हणजे केंद्रात पडलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय एजंटने उठू नये. एकूण मतं आणि कंट्रोल युनिटचा (मतं साठवणाऱ्या यंत्राचा) नंबर समोरच्या एजंटच्या प्रतीशी तिथेच ताडून घ्यायला सांग.