लिफ्टमधला हात

प्रश्न : ताई, मी तीस वर्षे न्यू जर्सीत राहते. परवा लिफ्टमध्ये एक कृष्णवर्णीय तरुण शिरताच माझा हात आपोआप पर्सवर गेला आणि नातीने ते पाहिले. या वयात ही सवय सुटेल का?

उत्तर : सुटेल, पण एका दिवसात नव्हे, हात पुन्हा जाईल आणि दर वेळी तो जाणीवपूर्वक खाली घ्यावा लागेल. ‘गोरीच सून हवी’ म्हणणाऱ्या आपल्याच घरांत याचे बीज आहे. नातीपाशी चूक कबूल करा. अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांच्या सन्मानार्थ जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळातच १९६५ च्या स्थलांतर कायद्याने भारतीयांना तिथले दार उघडले, हेही तिला सांगा. तो तरुण पुन्हा भेटला, तर ‘हॅलो’ आधी तुम्ही म्हणा.