मोंढ्यातली तूर आणि मोझांबिक

बारावीची परीक्षा जवळ आली की माझ्या टपालाचा रंग बदलतो. ‘सांधेदुखीत भात चालतो का’ असं विचारणारेही याच पत्त्यावर लिहितात (मी राज्यशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका आहे, वैद्य नव्हे), पण या महिन्यात चार पत्रं माझ्या विषयाची आली. तेवढीच घेते.

प्रश्न : मी केज तालुक्यातली. बारावी कला शाखेत आहे. मला परराष्ट्र सेवेत जायचंय. पण ‘बीए इंटरनॅशनल रिलेशन्स’ अशी पदवी आमच्याकडं कुठंच नाही. पुण्या-दिल्लीला गेल्याशिवाय मार्गच नाही का? वडील म्हणतात, राज्यशास्त्र घेऊन काय सरपंच होणार का?

उत्तर : लेकरा, वडिलांना सांग, सरपंच होणं काही वाईट नाही. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि त्या खुर्चीत सासऱ्यांनी किंवा नवऱ्यानं बसू नये म्हणून तरी शिकलेली पोरगी लागते. आता तुझ्याकडं वळते.

परराष्ट्र सेवेत थेट नेणारी पदवी देशात नाहीच. रस्ता एकच, यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा. ती कुठलीही पदवी चालवून घेते. मुख्य परीक्षेत लेखी गुण १७५०, त्यातले ५०० वैकल्पिक विषयाचे. ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय घेता येतो आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. इंग्रजीचा एक पेपर मात्र पास व्हावा लागतो. त्याचे गुण धरत नाहीत, पण त्यात नापास झालीस तर बाकीचे पेपर तपासतही नाहीत. म्हणून ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पदवीच्या कागदावर नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली येतो, आणि तिथल्या कला महाविद्यालयांत राज्यशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळतं. जोडीला अर्थशास्त्र घे. समाजशास्त्र सोपं म्हणून मैत्रिणी तिकडं ओढतील. तू अर्थशास्त्रच घे. कारण पुढं सांगते.

दिल्लीला जायचंच असेल तर सीयूईटी दे. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश या परीक्षेवर होतात आणि ती मराठीतूनही देता येते. राज्यशास्त्राचा पेपर ५० प्रश्नांचा, तासाभराचा. बरोबर उत्तराला ५, चुकलं तर १ वजा. घोळ एकच होतो. आपली मुलं राज्य मंडळाचं पुस्तक पाठ करून जातात आणि प्रश्न एनसीईआरटीच्या (शालेय पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था) बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. त्यांची राज्यशास्त्राची दोन पुस्तकं इंग्रजी-हिंदीत मोफत उतरवून घेता येतात. ती तयार करताना मुख्य सल्लागारांपैकी एक होते आपले सुहास पळशीकर, पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलेले. मराठीत विचार करणारा माणूस दिल्लीतली पुस्तकं घडवतो, हे तुला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आणखी एक गैरसमज. ‘जेएनयूत आंतरराष्ट्रीय संबंधांची बीए करायची’ असं दरवर्षी कोणीतरी लिहितं. दिल्लीच्या या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा (म्हणजे विभाग) जुनी, १९५५ची, पण तिथं हा विषय एमएपासून सुरू होतो. बीएला तिथं परकीय भाषा आहेत : रशियन, चिनी, अरबी, स्पॅनिश, जपानी. मला विचारशील तर हाच सौदा फायद्याचा. परराष्ट्र सेवेत निवड झाल्यावरही एक परकीय भाषा शिकावीच लागते. तू ती आधीच शिकून गेलेली असशील.

आता अर्थशास्त्र का, ते. तुमच्या रानात तूर असेलच. मोंढ्यात भाव पडला की आपण अडत्याला शिव्या घालतो. पण २०१६ साली भारतानं मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला, २०२१मध्ये मलावी आणि म्यानमारशी. सोयाबीनचंही तसंच. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं आणि २०२५च्या मे महिन्याअखेर ते १०वर आणलं. दोन्ही वेळी निर्णय दिल्लीत झाला आणि चर्चा लातूरच्या अडतीत. एक वही कर. दर शनिवारी तुरीचा, सोयाबीनचा भाव लिही आणि शेजारी त्या आठवड्यात आयातीबद्दल काय ठरलं ते लिही. सहा महिन्यांत तुला जे कळेल ते मी वर्गात दोन वर्षांत शिकवू शकले नाही.

शिवाय तुझा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा स्वतःच एकदा आंतरराष्ट्रीय प्रश्न होता. २१ ऑगस्ट १९४८ला निजामाच्या सरकारनं भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये ती चर्चेला आली तेव्हा भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरून तीन दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी निजाम शरण. म्हणून १७ सप्टेंबरला आपल्याकडं झेंडा लागतो. त्याच दिवसांत निजामाचे सुमारे १० लाख पौंड लंडनमध्ये पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेले. ते कोणाचे, याचा निकाल लंडनच्या न्यायालयानं २०१९ साली दिला, भारताच्या आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं. तोवर ते साडेतीन कोटी पौंड झाले होते. मुलाखतीत ‘तुमच्या भागाबद्दल सांगा’ म्हणाले तर बहुतेक मुलं दुष्काळ सांगतात. तू हे सांग.

प्रश्न : मुलाला हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठात ‘पब्लिक पॉलिसी’ करायचंय. चार वर्षांचा खर्च ऐकून झोप उडाली. दोन एकर विकायचा विचार आहे. (उदगीरहून एक शेतकरी वडील)

उत्तर : भाऊ, विकू नका.

सविस्तर सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईंना खासगीचा राग आहे. तसं नाही. सोनीपतला किंवा आपल्या पुण्यात अशी विद्यापीठं आहेत जिथं राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवतात, प्राध्यापक चांगले, ग्रंथालय रात्री उघडं. पण फी वर्षाला लाखांत, आणि सार्वजनिक धोरण हा बीएला शिकण्याचा विषय आहे असं मला वाटत नाही. धोरण समजायला आधी आकडे यावे लागतात, कायदा वाचता यावा लागतो आणि एखाद्या तहसील कचेरीत अर्ज घेऊन चार तास उभं राहिलेलं असावं लागतं. बीएला अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र पक्कं करावं आणि धोरणाची पदव्युत्तर पदवी घ्यावी. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ती आहे.

माझं सार्वजनिक धोरणाचं शिक्षण बाराव्या वर्षी झालं. १९७२च्या दुष्काळात अंबाजोगाईजवळ आई खडी फोडायला जायची, मी पाट्या टाकायची. रेशनवर तांबडा मिलो (ज्वारीची एक जात) मिळायचा. तो जहाजानं परदेशातून आलेला, हे मला फार उशिरा कळलं. त्याची भाकरी थापताना आई जे बोलायची ते मासिकात छापता येणार नाही. त्या कामांमागं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना होती. आधी योजना, मग १९७७चा कायदा, त्यासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. आणि २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा त्यांच्यापुढं महाराष्ट्राचं उदाहरण होतं. कोणाचे पैसे, कोणाला काम, मस्टरवर (हजेरीपटावर) अंगठा कोणाचा : या तीन प्रश्नांत धोरणाचा अख्खा अभ्यासक्रम येतो. मुलाला गावातलं एक मस्टर वाचून दाखवायला सांगा. त्याला कंटाळा आला तर विषय बदला, फी वाचेल.

जवळच्या जागा बघा. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, ग्रामीण प्रश्नांवर काम करणारं. उदगीरहून सकाळी निघालात तर बघून संध्याकाळी परत. छत्रपती संभाजीनगरला २०१७पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे; क्लॅट या विधी प्रवेश परीक्षेतून पाच वर्षांची बीए एलएलबी, त्यात राज्यशास्त्र येतं आणि हाताला वकिलीही लागते. पुण्याच्या गोखले संस्थेच्या नावात ‘राज्यशास्त्र’ आहे म्हणून तिकडं धावू नका. तिथं मुख्यतः अर्थशास्त्र शिकवतात, मात्र तेही चांगलंच. आणि खासगीच हवं असेल तर बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ घरची परिस्थिती पाहून फी माफ करतं, तिथं अर्ज करायला लावा.

तरीही हरियाणाच ठरलं, तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत ते विद्यापीठ आहे का बघा. असेल तर तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असेपर्यंत व्याजात तीन टक्के सवलत. सातबाऱ्याला हात लावायची गरज नाही.

माझ्या भाचीनं एका कॉलेजात (नाव सांगत नाही) ‘इंटरनॅशनल अफेअर्स’ला प्रवेश घेतला. माहितीपत्रकावर जिनिव्हाचा फोटो. पहिल्या वर्षी विषयाला कायम शिक्षक नव्हता, दुसऱ्या वर्षी दोनदा बदलले. म्हणून प्रवेशाआधी फोन करून विचारा : या विषयाला शिक्षक किती, आणि मागच्या तुकडीतली पाच मुलं आज काय करतात? जो आधी ‘कॅम्पस फार सुंदर आहे’ म्हणेल त्याचा फोन ठेवून द्या.

प्रश्न : सेनगावला औषधाच्या दुकानात कामाला आहे. रोज कॉलेज जमणार नाही. इंग्रजी कच्चं. राज्यशास्त्रात बीए होईल का?

उत्तर : होईल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यासाठीच आहे. मराठीतून बीए, घरी अभ्यास, आणि ती पदवी स्पर्धा परीक्षांना चालते. एमपीएससीची राज्यसेवाही २०२५पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे गोळे रंगवून भागत नाही, लिहावं लागतं. दुकानात गिऱ्हाईक नसताना रोज एक पान लिही. अग्रलेख वाचून त्याच्या विरुद्ध बाजूनं लिहायचं, ही माझी जुनी युक्ती.

इंग्रजीला घाबरू नकोस. तू दिवसभर औषधांची नावं वाचतोस, ती संसदेच्या विधेयकांपेक्षा अवघड असतात. एमएला आलास तर नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांतल्या राज्यशास्त्राच्या मुलांसाठी अभ्यासवर्ग घेते, त्यासाठी विभागप्रमुखांच्या मागं लाग. कामकाज डोळ्यांनी बघायला मिळतं.

प्रश्न : एमए, सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालंय. सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. यंदा तरी भरती होईल? (जालना)

उत्तर : सर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी १९८७ साली हाच प्रश्न माझ्या गुरुजींना विचारला होता. ते म्हणाले, ‘होईल’, आणि तिसऱ्या वर्षी झाली. तुम्हाला तसं म्हणायची हिंमत मला होत नाही. तास चालू ठेवा, पण जोडीला दुसरं काही धरा. तुम्ही मतदारसंघाचा नकाशा आणि जनगणनेचा तक्ता दोन्ही वाचू शकता. सर्वेक्षणाच्या कामांना, वृत्तपत्रांना असा माणूस लागतो. वय २६च्या आत असतं तर मुख्यमंत्री फेलोशिपचं सांगितलं असतं. ते तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा. आणि वरच्या केजच्या मुलीसारखी एखादी तुमच्या वर्गात असेल तर तिला अर्थशास्त्र घ्यायला लावा.