रस्त्याच्या खडीखाली प्लास्टिकचं कापड अंथरतात, मग ते पर्यावरणपूरक कसं?

तुमच्या गावच्या रस्त्याच्या कामात खडीखाली पांढरं कापड अंथरताना तुम्ही पाहिलंत, हात लावल्यावर ते प्लास्टिकचं निघालं. हे म्हणजे जमिनीत प्लास्टिक पुरणंच नाही का, आणि त्याऐवजी काथ्या का वापरत नाहीत, असा तुमचा प्रश्न आहे.

हो, ते प्लास्टिकच आहे. बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीन, कधी पॉलिएस्टर. साईटवर आम्ही त्याला नुसतं 'कापड' म्हणतो, आणि मोठ्या चौकोनी भोकांची असते ती 'जाळी'. टेंडरमध्ये तेच जिओटेक्स्टाइल आणि जिओग्रिड होतं. मी भराव आणि रस्त्यांच्या कामात आहे, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी धरा. पण हिशेब तुम्ही स्वतःच करून बघा.

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. वरून उसाने भरलेल्या ट्रॉल्या गेल्या की खडी खाली रुतते आणि चिखल खडीच्या फटींतून वर चढतो. मग डांबर कितीही चांगलं असो, खड्डे पडतातच आणि त्याच जागी पुन्हा खडी ओतावी लागते. कापडाचं पहिलं काम एवढंच की खडी खाली जाऊ द्यायची नाही, माती वर येऊ द्यायची नाही, आणि पाण्याला मात्र अडवायचं नाही.

आता 1 किलोमीटर लांब, 3.75 मीटर रुंद रस्ता घ्या. चौरस मीटरला 200 ग्रॅम वजनाचं कापड घेतलं, तर जोडावरचे पदर धरून साधारण 800 किलो प्लास्टिक लागतं. रुतणं थांबल्यामुळे 10 सेंटीमीटर जाडीची खडी वाचली असं धरलं, तर ती होते 375 घनमीटर, म्हणजे दबाईनंतरच्या वजनाने 750 टनांच्या आसपास. एवढा दगड डोंगर फोडून काढायचा, क्रशरमधून न्यायचा, टिपरने वाहून आणायचा, त्यातलं सगळं डिझेल वाचलं. अर्थात हे 10 सेंटीमीटर सगळीकडे वाचत नाहीत. खाली कठीण मुरूम असेल तर रुतण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तिथे कापड घालणं ही निव्वळ उधळपट्टी. अशीही कामं होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

याहून मोठी बचत भिंतींमध्ये होते. उड्डाणपुलाच्या दोन्ही टोकांना काँक्रीटच्या चौकटी रचलेल्या उभ्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. त्या चौकटी जेमतेम वीतभर जाडीच्या असतात. भराव त्यांनी तोलून धरलेला नसतो. मागच्या मातीत दर अर्ध्या-पाऊण मीटरवर जाळी किंवा पट्ट्या आडव्या घातलेल्या असतात आणि माती त्यांना घट्ट धरून स्वतःच उभी राहते. फ्रेंच अभियंता आंरी विदाल यांनी 1960च्या दशकात धातूच्या पट्ट्या घालून ही पद्धत आधुनिक रूपात आणली. प्लास्टिकच्या जाळ्या नंतर आल्या. सिक्कीममध्ये 2018 साली सुरू झालेल्या पाकयाँग विमानतळाचा डोंगरउतारावरचा भराव असाच जाळ्यांनी बांधलेला आहे आणि काही ठिकाणी त्याची उंची 70 मीटरहून जास्त आहे. तेवढ्या उंचीला काँक्रीटची भिंत घालायची म्हटलं तर किती सिमेंट लागलं असतं, कल्पना करा.

पुरलेलं प्लास्टिक कुजून मातीत मिसळत नाही का? त्याचा मुख्य शत्रू ऊन. मातीखाली ऊन नाही, त्यामुळे ते दशकानुदशकं टिकतं, आणि ते टिकावं म्हणूनच घातलेलं असतं. एक अपवाद लक्षात ठेवा. काळी माती सुधारायला चुना मिसळला असेल तर तिथे पॉलिएस्टर नको. चुन्याच्या क्षारांत त्याचे धागे हळूहळू कमजोर होतात. तिथे पॉलिप्रॉपिलीन घ्यावं.

तुमची काळजी खरी लागू पडते ती शेततळ्यांना. तळ्यात अंथरलेला 500 मायक्रॉनचा कागदही याच कुळातला, पण त्याचा काठाकडचा भाग वर्षभर उन्हात असतो. तो तडकतो, फाटतो, आणि काढलेला कागद बांधावर पडून राहतो. रस्त्याखालच्या कापडापेक्षा मला याची चिंता जास्त वाटते.

आता काथ्या. 2020 साली केंद्राने पंतप्रधान ग्रामसडक योजनेत काथ्याच्या कापडाला मान्यता दिली. तेव्हा सात राज्यांत मिळून 1,674 किलोमीटर रस्त्यांवर ते वापरायचं ठरलं, त्यात महाराष्ट्राचे 328 किलोमीटर होते. काथ्या काही वर्षांत कुजतो, आणि काही कामांत तेवढंच पुरतं. भरावाच्या वजनाने खालच्या मातीतलं पाणी निघून ती घट्ट झाली की कापडाची गरज संपते. घाटातल्या कापलेल्या उतारावर तर मी काथ्याच निवडेन: पहिले पावसाळे तो माती धरतो, तोवर गवताची मुळं खाली जातात. तिथे प्लास्टिकची जाळी लावण्याचं कारणच नाही. पण उड्डाणपुलाच्या भिंतीत काथ्या कोणी घालणार नाही. ती भिंत शंभर वर्षं उभी राहावी असं धरूनच आखलेली असते.

तुमच्या रस्त्याचं काम अजून चालू असेल तर काही गोष्टी बघा. रोल वेष्टन काढून उन्हात पडलेले आहेत का? दोन पट्ट्यांचा पदर मऊ जमिनीवर निदान हातभर तरी एकमेकांवर हवा. टिपर थेट कापडावरून जाता कामा नये. आधी टाकलेल्या खडीवर उभा राहून त्याने पुढे खडी ओतायची आणि मग ती पसरायची. इथे घाई झाली की कापड जागोजाग फाटतं आणि वरचा सगळा हिशेब फुकट जातो. कापलेल्या तुकड्यांचं काय करणार, तेही ठेकेदाराला आत्ताच विचारून ठेवा. काम संपल्यावर ते ओढ्यात सापडतात आणि तेव्हा ते कुणाचेच नसतात.