उलटा ठेवलेला हत्ती हत्तीच असतो

मागच्या अंकात मी युरोपातल्या एका बुद्धिबळाच्या ओपन टुर्नामेंटला आर्बिटर म्हणजे पंच म्हणून गेलो होतो त्याच्यावर दोन पानं लिहिली होती. त्यावर एवढे प्रश्न आले की बायको म्हणाली, शाळेच्या वह्या तपासायला तुला कधी एवढा उत्साह नसतो. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत.

काका, मी म्हापशाला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, 1500 वर अडकलंय. आर्बिटर व्हायचं मनात आहे पण घरचे म्हणतात खेळता येत नाही म्हणून पंच होतेस. चांगलं खेळता यावं लागतं का? आणि परदेशात कसं जायला मिळतं, पैसे मिळतात का?

घरच्यांना सांग, माझं रेटिंग तुझ्यापेक्षाही कमी आहे. आर्बिटरला कुठली चाल चांगली हे कळायची गरज नाही, कुठली चाल बेकायदा ते कळायला पाहिजे आणि तेही समोर चाललेलं असताना, नंतर पुस्तक उघडून नाही.

रस्ता असा आहे की आधी आपल्या गोव्यातल्याच टुर्नामेंटला कुणा सीनियरच्या हाताखाली उभी रहा. बोर्ड मांडायचे, घड्याळं लावायची, पोरांच्या आयांना हॉलच्या बाहेर काढायचं (हे सगळ्यात अवघड, मी गंमत करत नाहीये). मग ऑल इंडिया चेस फेडरेशनची नॅशनल आर्बिटरची परीक्षा, नंतर फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं सेमिनार, त्याच्या शेवटी पेपर असतो आणि त्यात 80 टक्के लागतात. पस्तीसला पास व्हायची आपली सवय तिथे चालत नाही. शिवाय टुर्नामेंटमध्ये काम करून नॉर्म्स, म्हणजे पुढच्या पदवीसाठी लागणारे दाखले, जमवायचे, मग फिडे आर्बिटर आणि त्याच्यावर इंटरनॅशनल आर्बिटर. स्विस मॅनेजर हे पेअरिंगचं, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते ठरवायचं, सॉफ्टवेअर आत्तापासूनच शिकून ठेव, कारण ते येणाऱ्या माणसाला कुठेही बोलावतात. मला पहिलं बोलावणं त्याच्यामुळेच आलं, माझ्या हुशारीमुळे नाही.

पैशाचं विचारलंस ते बरं केलंस. मानधन मिळतं, राहणं-जेवण मिळतं, तिकीट मिळेलच असं नाही. माझं पहिल्या वेळचं तिकीट माझ्याच खिशातून गेलं, शाळेत बिनपगारी रजा टाकली ती वेगळी. सगळा हिशेब घातला तर तोटाच झाला. दुसऱ्या वेळी जरा बरं होतं. नोकरी सांभाळून करायची गोष्ट आहे ही, निदान आपल्यासारख्यांना तरी.

सर, मी वास्कोचा, माझा मुलगा सहावीत आहे. आंतरशालेय स्पर्धेत त्याचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, जवळ दुसरा वजीर नव्हता म्हणून त्याने हत्ती उलटा ठेवला आणि वजीर म्हणाला. आर्बिटरने तो हत्तीच धरला आणि मुलगा हरला. घरी येऊन दोन दिवस रडत होता. हा अन्याय नाही का?

मुलासाठी वाईट वाटलं, पण आर्बिटर बरोबर होता. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचा वजीर करता येतो, आणि घरी आपण सगळेच उलट्या हत्तीचा वजीर करतो, माझ्या काकांनी तर शर्टाचं बटण ठेवून सुद्धा खेळवलंय. फिडेच्या नियमांत मात्र उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच, तोंडाने काहीही म्हटलं तरी. पुढे तो वजीर समजून तिरका चालवला तर ती बेकायदा चाल.

आणि हे फक्त सहावीच्या पोरांचं होतं असं समजू नका. 2017 च्या कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता ठरवायला ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव लावले होते, साम्बुएव विरुद्ध नोरित्सिन, म्हणजे देशातले टॉपचे खेळाडू. नोरित्सिनचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं, घड्याळात सेकंद उरलेले, टेबलावर काळा वजीर दिसेना कारण तो साम्बुएवच्या हातात होता. नोरित्सिनने घाईत हत्ती उलटा ठेवला, वजीर म्हणाला, आर्बिटरने घड्याळ थांबवून सांगितलं हा हत्ती आहे. डाव गेला आणि त्याबरोबर चॅम्पियनशिपही. व्हिडिओ बघून जगभर लोक भांडले, वजीर हातात का धरून बसला म्हणून साम्बुएवलाही खूप बोलले, पण हत्ती काय वजीर झाला नाही.

आता मुलाला एवढंच शिकवा, वजीर मिळत नसेल तर स्वतः घड्याळ थांबवायचं आणि हात वर करायचा. आर्बिटर वजीर आणून देतो, नियमाने तो हक्कच आहे खेळाडूचा. लाजायचं नाही. आपली पोरं घड्याळ थांबवायला घाबरतात, त्यांना वाटतं आपण काहीतरी मोडतोय. चांगल्या टुर्नामेंटला प्रत्येक टेबलावर आधीच जादा वजीर ठेवतात, तुमच्या शाळावाल्यांना एवढं सांगून बघा, खर्च काही नाही.

मी फोंड्याचा निवृत्त शिक्षक. तिकडे खेळाडू अनेक देशांचे, तुम्ही त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोलता?

बोलायची वेळच कमी येते गुरुजी, आणि आली की बोटांनी. इंग्रजी चालतं बहुतेक ठिकाणी. पण खरी गंमत कागदावर असते, म्हणजे खेळाडू आपल्या चाली लिहितात त्या स्कोअरशीटवर. सोंगट्यांची अक्षरं आपापल्या भाषेतली लिहायची मुभा असते. इंग्रजीवाला आर लिहितो तेव्हा तो हत्ती, स्पॅनिशवाला आर लिहितो तेव्हा तो राजा! जर्मन माणूस घोड्याला एस लिहितो, स्पॅनिश माणूस सी.

चौथ्या फेरीत एका म्हाताऱ्या स्पॅनिश गृहस्थांनी घड्याळ थांबवलं आणि मला खूण केली. तीच पोझिशन तिसऱ्यांदा येतेय म्हणून बरोबरी मागत होते. पद्धत बरोबर होती त्यांची, पुढची चाल फक्त कागदावर लिहिली होती, पटावर केली नव्हती. मी आणि माझ्याबरोबरचा आर्बिटर दोघांचे कागद बघून बाजूच्या टेबलावर डाव पहिल्यापासून मांडायला लागलो. मी म्हाताऱ्यांचा कागद वाचतोय आणि पंचविसाव्या चालीला त्यांचा हत्ती अशा घरात जातोय जिथे तो जाऊच शकत नाही. मला घाम फुटला. दोन मिनिटं तसाच बघत बसलो, मग प्रतिस्पर्ध्याचा कागद शेजारी धरला तेव्हा ट्यूब पेटली, अरे हा राजा आहे. त्यानंतर सगळं भराभर जुळलं, पोझिशन खरोखर तीन वेळा आली होती, पण पहिल्या वेळी त्यांना किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायची खास चाल) करायचा हक्क शिल्लक होता आणि नंतर नव्हता, म्हणजे नियमाप्रमाणे ती पोझिशन तीच नव्हे. मागणी फेटाळली, प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा दिली, आणि लिहून ठेवलेली चाल म्हाताऱ्यांना खेळावी लागली. हे सगळं मी त्यांना समजावलं कसं? पटावर राजा आणि हत्तीवर बोट ठेवलं, हवेत किल्लेकोट केला आणि मान हलवली. ते एकदम हसले, आपल्याच कपाळाला हात लावला आणि जाऊन बसले.

लहानपणी आम्ही साखळी गावात घोड्याचा घ आणि हत्तीचा ह लिहायचो त्याची त्या दिवशी आठवण झाली. त्यातही उंट आणि वजीर कधी चुकले नाहीत.

जेवणाचं पण विचारलंय काही जणांनी. ब्रेड, चीज, उकडलेले बटाटे. आठव्या दिवशी शीत-कडीची स्वप्नं पडतात, पुढचा प्रश्न.

डिचोलीहून विचारतोय. कार्लसनला जीन्स घातली म्हणून बाहेर काढलं ते जरा जास्तच झालं नाही का? तुम्ही असता तर केलं असतं?

आधी काय झालं ते नीट सांगतो कारण लोक अर्धवट ऐकून बोलतात. डिसेंबर 2024, न्यूयॉर्क, वर्ल्ड रॅपिड म्हणजे जलद डावांची चॅम्पियनशिप. माजी वर्ल्ड चॅम्पियन कार्लसन जीन्स घालून आला, ड्रेसकोडमध्ये ती चालत नव्हती. 200 डॉलर दंड झाला आणि बदलून ये म्हणून सांगितलं, तो म्हणाला उद्या बदलतो, आज नाही. मग पुढच्या फेरीत त्याची पेअरिंग केली नाही. बाहेर असं काढलं नाही, त्या एका फेरीपुरतं वगळलं, मग तोच रॅपिड सोडून गेला. त्याच टुर्नामेंटमध्ये रशियाच्या नेपोम्नियाचीला स्पोर्ट्स शूजसाठी दंड झाला, तो बदलून आला आणि खेळला. हे दुसरं कोणी सांगत नाही.

जीन्सचा नियम मला स्वतःला फालतू वाटतो. बुद्धिबळात पँटीचं काय काम. पण आर्बिटरने तो नियम केलेला नसतो, त्याच्या हातात फक्त तो सगळ्यांना सारखा लावणं एवढंच असतं, आणि एकाला बदलायला लावून दुसऱ्याला सोडला असता तर मी त्या आर्बिटरला शिव्या घातल्या असत्या. मी असतो तर? केलं असतं बहुतेक. हात थरथरले असते आणि रात्री झोप लागली नसती, पण केलं असतं.

मोठ्या माणसाचं दडपण येतं हे खरं. 1972 साली आइसलंडमध्ये रेक्याविकला स्पास्कीविरुद्धच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या मॅचमध्ये फिशर दुसऱ्या डावाला आलाच नाही तेव्हा लोथार श्मिड हे आर्बिटर होते. सगळं जग त्या मॅचकडे डोळे लावून बसलेलं, तरी त्यांनी ठरल्या वेळेला घड्याळ सुरू केलं आणि तासाभराने डाव स्पास्कीला दिला. त्या एका तासात त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा मी बऱ्याच वेळा विचार करतो.

पाच पाच तास नुसतं उभं राहून कंटाळा येत नाही का? (मडगाव)

येतो. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या हडफड्याला वर्ल्ड कप झाला, 206 खेळाडू, तेव्हा मी नुसता प्रेक्षक म्हणून गेलो होतो, तर माझ्याबरोबर आलेला भाचा अर्ध्या तासात म्हणाला मामा इथे काहीच होत नाहीये. मी त्याला म्हटलं तो कोपऱ्यातला आर्बिटर बघ, त्याचं हेच काम आहे, काही होऊ नये म्हणून तो तिथे उभा आहे. भाच्याला पटलं नाही, त्याला बीचवर जायचं होतं.

कंटाळ्यात चूक होते ती अशी. मी जुनं डिजिटल घड्याळ वापरतो, बीपीच्या गोळीसाठी रात्री 8 चा अलार्म असतो. परदेशात गेलो पण घड्याळ गोव्याच्याच वेळेवर राहिलं, कारण घरी फोन करायला बरं पडतं. तिकडे दुपारचे साडेचार, हॉलमध्ये शंभरावर लोक, पिन पडली तरी ऐकू येईल आणि माझ्या मनगटावर टीं टीं टीं. खेळाडूचा फोन वाजला तर डाव जातो, आर्बिटरचं घड्याळ वाजलं तर काय याला नियम नाही, नुसते शंभर डोळे आहेत. चीफ आर्बिटर बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हात पुढे केला. मी घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं, टुर्नामेंट संपल्यावर मिळालं परत. तसंही आता घड्याळांवर संशय आहेच, 2023 मध्ये कतारला कार्लसनने हरल्यावर प्रतिस्पर्ध्याने घड्याळ घातलं होतं म्हणून तक्रार केली होती, ते घड्याळ साधं काट्याचं असून सुद्धा.

पेडण्याहून नमस्कार. कास्पारोव्हने ज्युडिट पोल्गारविरुद्ध घोडा सोडून परत दुसरीकडे ठेवला तो व्हिडिओ बघितला. एवढं स्पष्ट दिसत असून आर्बिटर गप्प कसा?

तो डाव 1994 चा, स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेतला. व्हिडिओत स्लो करून बघितलं तर बोटं क्षणभर सुटलेली दिसतात. ज्युडिट तेव्हा 17 वर्षांची, समोर वर्ल्ड चॅम्पियन, तिने तिथल्या तिथे तक्रार केली नाही. नियम असा आहे की समोरच्याने टच-मूव्ह (हात लावलेली सोंगटीच चालवायची आणि सोडल्यावर चाल बदलायची नाही) मोडली असेल तर आपण स्वतः सोंगटीला हात लावायच्या आत बोलायचं, एकदा आपला हात सोंगटीला लागला की तो हक्क गेला. आणि आर्बिटरने स्वतः बघितलं नसेल तर तो काय देणार? तुम्हाला स्लो मोशन मिळतं, आम्हाला दोन डोळे आणि वीस बोर्ड.

माझ्यासमोर हे झालंय, परदेशातच, अकरा-बारा वर्षांची दोन मुलं. एकाने हात वर केला, म्हणाला याने उंटाला हात लावला आणि आता घोडा चालवतोय. दुसरा म्हणाला नाही लावला. माझी पाठ होती तेव्हा. शेजारच्या बोर्डवाल्यांनी पण बघितलं नव्हतं. मी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं हा खोटं बोलतोय, शाळेत पंचवीस वर्षं काढली आहेत, तोंड कळतं. पण तोंडावरून निकाल देता येत नाही. खेळा म्हणालो. पहिल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तसाच खेळला आणि हरला. जिंकलेल्याने पद्धतीप्रमाणे दोन्ही राजे मधल्या पांढऱ्या घरांवर ठेवले, म्हणजे पांढरा जिंकला. दोघांनी सह्या केल्या, मी कागद घेतले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो, तिथे कुणाला तरी वजीर हवा होता.