स्पीड वाढवायला दोन स्विचमध्ये दोन केबल टाकल्या, तर अख्खं नेटवर्क का बसलं?

तुम्ही लिहिलंय की स्पीड डबल होईल म्हणून दुसरी केबल टाकली आणि लगेच प्रिंटर, टॅली, कॅमेरे सगळं बंद, स्विच बंद-चालू केला की क्षणभर चालतं अन् परत बसतं. लूप आहे हो हा, म्हणजे डेटा गोल-गोल फिरत बसलाय. स्विच खराब नाही, नवा आणायला पळू नका.

मी सोलापुरात हीच कामं करतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे कारखाने आहेत तिकडे. मागं गड्ड्याच्या जत्रेत पोरांना घेऊन फिरत होतो तर एका कारखान्यातनं फोन, "साहेब, सगळे लाईट एकदम नाचालेत". जाऊन बघतो तर खरंच, चोवीसच्या चोवीस पोर्ट एका ठेक्यात लुकलुकतायत, एरवी प्रत्येकाचा आपापला ताल असतो. एकेक केबल उपटत गेलो, पॅकिंगची काढली आणि सगळं शांत. तिथं टेबलाखाली रुईनं माखलेला आठ पोर्टचा छोटा स्विच, आणि एकाच केबलची दोन्ही टोकं त्यातच! पोरगा म्हणतो, "वायर लोंबकळालती, म्हणून बसवली की ओ." त्याला काय बोलणार.

आता होतं काय, की स्विच म्हणजे जास्त पोर्टचा ब्रिजच, नेटवर्कचे तुकडे जोडणारा डबा. कुठल्या पोर्टवरनं कोणाचा मॅक अॅड्रेस, म्हणजे मशीनच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, आला ते तो लक्षात ठेवतो, पण ब्रॉडकास्ट आला, म्हणजे "हा आयपी कोणाचा?" असली सगळ्यांना मारलेली हाळी, की आलेला पोर्ट सोडून बाकी सगळीकडं पाठवतो. दोन वायरी असल्या की एकीनं गेलेली हाळी दुसरीनं परत येते, परत जाते, परत येते. आयपी पाकिटात टीटीएल म्हणजे आयुष्याचा आकडा असतो, प्रत्येक राउटर त्यातनं एक कमी करतो आणि शून्य झालं की फेकून देतो, पण इथरनेट फ्रेमला, म्हणजे स्विच फिरवतो त्या पाकिटाला, तसलं मरण लिहिलेलंच नाही, ती वायर निघेपर्यंत फिरतच राहते. वर एकच मशीन कधी या पोर्टवर दिसतं कधी त्या, त्यामुळं स्विचचं टेबलही पार गोंधळतं.

यावर १९८५ साली डेक या कॉम्प्युटर कंपनीत असताना रेडिया पर्लमन बाईंनी स्पॅनिंग ट्री (एसटीपी), म्हणजे लूप टाळायचा नियम, काढला, १९९० ला तो ८०२.१डी म्हणून स्टँडर्ड झाला. स्विच दर २ सेकंदाला बीपीडीयू म्हणजे आपली ओळख सांगणारे छोटे निरोप पाठवतात, ज्याचा आयडी सगळ्यात लहान तो रूट म्हणजे मुख्य स्विच, त्याच्याकडं जायचा स्वस्तातला रस्ता ठेवून जास्तीची लिंक ब्लॉक. मेन लिंक तुटली की ब्लॉक झालेली चालू होते, जुन्या एसटीपीत याला ३० ते ५० सेकंद जायचे, आरएसटीपी या नव्या आवृत्तीत पटकन होतं. म्हणजे तुमची दुसरी केबल स्टेपनी आहे, डबल स्पीड नाही. दोन्ही एकदम वापरायच्या तर एलएसीपी, म्हणजे दोन लिंक बांधून एक करायची सेटिंग, लागतं, दोन्ही स्विचमध्ये, आणि सेटिंग आधी, केबल नंतर. स्वस्तातल्या अनमॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता न येणाऱ्या डब्यात यातलं बहुतेक काहीच नसतं.

मॅनेज्ड घेतलात तर मेन स्विचची प्रायॉरिटी, म्हणजे आयडीतला पहिला आकडा, ४०९६ करून टाका. सगळ्यांची डिफॉल्ट ३२७६८ राहिली तर लहान मॅकवाला रूट होतो आणि तो बऱ्याचदा सगळ्यात जुना निघतो, मी डाईंग खात्यातला १०० एमबीपीएसचा म्हातारा स्विच रूट होऊन बसलेला बघितलाय. पीसीच्या पोर्टला एज पोर्ट ही सेटिंग लावा, म्हणजे तो लगेच चालू होतो, नाहीतर जुन्या एसटीपीत लिंक आल्यावर ३० सेकंद पोर्ट गप्प बसतो आणि मशीन १६९.२५४ नं सुरू होणारा, स्वतःच बनवलेला आयपी घेऊन मोकळं होतं. सोबत बीपीडीयू गार्डही लावा, म्हणजे तिथं कोणी स्विच जोडला तर पोर्टच बंद होईल.

तोवर ती दुसरी केबल काढा, पण दोन्ही टोकं काढा बरं का. एक टोक लोंबकळत दिसलं की कोणीतरी भला माणूस ते बसवणारच.